साखरेचे टप्पे

पहाटेचे पावणेचार वाजले होते. आमच्या मुलुंडच्या घरात स्वयंपाकघराचा दिवा लावला की उजेड थेट बाहेरच्या खोलीत झोपलेल्या बाबांच्या तोंडावर पडतो, म्हणून मी मोबाइलच्या टॉर्चवर काम करत होतो. ओट्यावर आईचा वजनकाटा, त्यावर वाटी, आणि वाटीत मी डब्यातली साखर ओतत होतो. शंभर ग्रॅम. दोनशे. तीनशेला थांबलो.

"किती घेतलीस?"

बाबा दारात उभे होते.

"तीनशे."

"तीनशे ग्रॅम?"

चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं, आणि आमच्या घरापुरती ती चोरीच होती. बाबांना अकरा वर्षांपासून इन्सुलिन चालू आहे. साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर असतो आणि पाहुणे आले की खाली येतो. अर्धा किलो आणली की महिनाभर पुरते. त्यातली निम्म्याहून जास्त मी सायकलच्या एका बाटलीत ओतायला निघालो होतो, आणि पाच तासांत ती एकटा पिणार होतो.

मी आयर्नमॅन ७०.३ ची तयारी करत होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं, सगळं सलग. मैलांमध्ये बेरीज ७०.३ होते म्हणून हे नाव. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट असते. २०१५ मध्ये मिलिंद सोमणने वयाच्या पन्नाशीत झुरिकची पूर्ण आयर्नमॅन संपवली, तेव्हा हा शब्द आपल्याकडे घराघरात पोचला. २०१९ पासून तिची अर्धी आवृत्ती गोव्यात, मिरामारला होते. साडेआठ तासांत संपवायची असते.

पोहणं, सायकल आणि धावणं यांबद्दल सगळे बोलतात. चौथा खेळ असतो खाण्याचा, आणि मला त्यातच सगळ्यात जास्त वेळ लागला. हा लेख त्याबद्दल आहे. आणि थोडा बाबांबद्दल.

०

मी लहानपणापासून जाडा. शाळेत त्यावरून जी नावं पडायची ती पडली. तिशीला आलो तेव्हा वजन चौऱ्याण्णव किलो होतं. चकाल्याला ऑफिस, घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रो, दिवसभर खुर्ची, परत मेट्रो. घरात वडिलांना डायबेटिस. फॅमिली डॉक्टरांनी एकदा माझ्या पोटाकडे बघून सरळ सांगितलं, "पुढचा नंबर तुझा."

मी घाबरलो आणि धावायला लागलो. चहातली साखर सोडली, मग बिस्किटं, मग भात. लॉकडाउननंतर सेकंडहँड गिअरची सायकल घेतली. वजन उतरत गेलं आणि त्याबरोबर एक वेगळाच गर्व चढत गेला : न खाण्याचा. ग्रुपमधली मुलं राइडला केळी, खजूर, जेलची पाकिटं घेऊन यायची. मी साधं पाणी घेऊन जायचो आणि त्यांच्याकडे जरा वरून बघायचो. जो पदार्थ माझ्या वडिलांना आतून पोखरत होता, तो मी पैसे देऊन पाकिटातून का चोखायचा?

मार्च २०२३ मध्ये आम्ही शहापूरला निघालो. मुलुंड चेकनाक्यावरून पहाटे सुटायचं, ठाणे, भिवंडी बायपास, पडघा करत नाशिक हायवेने शहापूर, आणि परत. जाऊन-येऊन शंभराच्या वर किलोमीटर होतात. मी रिकाम्या पोटी निघालो होतो, कारण यूट्यूबवर कोणीतरी सांगितलं होतं की रिकाम्या पोटी चरबी जास्त जळते. शहापूरला सगळ्यांनी मिसळ खाल्ली. मी ब्लॅक कॉफी घेतली.

परत येताना पडघ्याच्या अलीकडे पाय गेले. म्हणजे दुखले नाहीत, नुसते माझे राहिले नाहीत. पुढच्या मुलाचं चाक लांब जात होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मग हात थरथरायला लागले. ऊन कडक होतं, तरी घाम गार लागत होता. पाण्याची बाटली हातातून पडली आणि त्या बाटलीचा मला इतका संताप आला की मी सायकल आडवी टाकून रस्त्याच्या कडेला रडत बसलो. घर किती लांब राहिलंय हे मोजायचा प्रयत्न केला. साठातून पंचवीस वजा होईनात.

समोर एक रसवंती होती. तिथल्या मावशींनी काही न विचारता रसाचा ग्लास हातात दिला. आलं, लिंबू, मीठ. एक प्यायलो, मग दुसरा. पंधरा-वीस मिनिटांनी जग परत जागेवर आलं. मावशींनी पैसे घेतले आणि म्हणाल्या, "उपाशी गाडी चालवू नये, बाबा."

०

संध्याकाळी मी ही गंमत म्हणून घरी सांगत होतो. थरथर, गार घाम, विनाकारण राग, रडू, वजाबाकी न येणं. बाबा टीव्ही बघत होते. त्यांनी आवाज बंद केला.

"ही तर माझी लो शुगर," ते म्हणाले.

बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. मुलुंड डेपो. २०१८ मध्ये निवृत्त झाले. त्यांनी त्या दिवशी जे सांगितलं ते आईलाही पूर्ण माहीत नव्हतं. २०१३ मध्ये इन्सुलिन नवीन सुरू झालं होतं. एका दुपारी इंजेक्शन घेऊन ते ड्युटीवर चढले, डबा पुढच्या फेरीनंतर खाऊ म्हणून ठेवला, आणि बस ट्रॅफिकमध्ये अडकली. हळूहळू सुट्ट्यांचा हिशोब चुकायला लागला. पन्नासच्या नोटेवर शंभराचे सुट्टे परत गेले. एका बाईने तिकीट पुन्हा मागितलं तर तिच्यावर ओरडले. हात थरथरत होते, शर्ट भिजला होता, जीभ जड झाली होती. मागून कोणीतरी म्हणालं, "कंडक्टर पिऊन आलाय." दोघं-तिघं हसले. शेवटी एका कॉलेजच्या मुलीने ओळखलं. तिची आजी डायबेटिक होती. तिने पर्समधलं चॉकलेट काढून दिलं.

दिवसाच्या शेवटी हिशोबात दोनशे बारा रुपये कमी आले. ते त्यांनी खिशातून भरले आणि घरी काही सांगितलं नाही.

"पैशाचं काय नाय," बाबा म्हणाले. "पिऊन आलाय म्हणाले ते लागलं."

तेव्हापासून त्यांच्या खिशात खडीसाखरेची पुडी असते. आम्हाला वाटायचं देवळातला प्रसाद आहे. आणि तेव्हापासून आईने नकळत एक चाचणी शोधून काढली होती, तिचा अर्थही मला त्या दिवशी लागला. बाबा गप्प किंवा चिडचिडे झाले की आई स्वयंपाकघरातून विचारते, "सतरा पंचे?" बाबांनी लगेच "पंच्याऐंशी" म्हटलं तर सगळं ठीक. थांबले तर ती साखरपाणी घेऊन येते.

मला नंतर वाचताना कळलं की बाबांचं निदान शंभर वर्षांपूर्वी बोस्टनच्या डॉक्टरांनीही केलं होतं. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर त्यांनी धावपटूंचं रक्त तपासलं. जे धावपटू कोसळण्याच्या बेतात होते त्यांची साखर खूप खाली गेली होती. इन्सुलिनचा शोध तेव्हा दोन-तीन वर्षांपूर्वीचा, जादा इन्सुलिनने रुग्णाचं काय होतं हे डॉक्टर नुकतेच बघत होते, आणि शर्यत संपवणारी ही माणसं त्यांना तशीच दिसली. पुढच्या वर्षी त्यांनी काही धावपटूंना आधी भरपूर कर्बोदकं खायला लावली आणि वाटेत खायला गोड गोळ्या दिल्या. ते शेवटी खूप बऱ्या अवस्थेत पोचले.

आतलं यंत्र साधारण असं चालतं. शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं, बरीचशी स्नायूंत, थोडी यकृतात. सगळी मिळून साधारण पाचशे ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरी. दमछाक होईल अशा वेगाने दोन-अडीच तास गेलं की ती तळाला जाते. चरबी माझ्याकडे भरपूर होती, पण चरबी सावकाश जळते, आणि मेंदूला मुख्यतः ग्लुकोज लागतं. यकृताची टाकी संपली की रक्तातली साखर उतरते आणि माणूस बाटलीवर चिडून रडतो. माझं लिव्हर त्या दिवशी रात्रभराच्या उपासाने आधीच अर्धं रिकामं होतं.

"म्हणजे मी नको तिथे कडक राहिलो," मी म्हणालो.

"तू भूक लागायची वाट बघत होतास," बाबा म्हणाले. "भूक शेवटचा स्टॉप आहे. तिथवर गेलास तर गाडी परत येत नाही."

०

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. ट्रायथलॉनमध्ये हे सगळ्यांचंच होतं.

जेल घेतले. तोंडाने फाडायचं, चोखायचं, वर पाणी प्यायचं. एका पाकिटात वीस-पंचवीस ग्रॅम कर्बोदकं. लांबच्या व्यायामात तासाला साठ ग्रॅमपर्यंत घ्यावीत असं सांगतात. मोठे खेळाडू नव्वद आणि त्याहून जास्त घेतात. मी पहिल्याच रविवारी नव्वदने सुरुवात केली. ऐरोली पुलावर पोट फुग्यासारखं झालं, आणि पूल संपायच्या आत जे आत गेलं होतं ते बाहेर आलं. खाली खाडीतले फ्लेमिंगो, वर कठड्याला टेकलेला मी.

यामागचं कारण कळल्यावर मला स्वतःचा राग कमी आला. आतड्यात ग्लुकोज आत घेणारी दारं ठरावीक असतात. तासाला साधारण साठ ग्रॅमला तिथे गर्दी होते आणि बाकीची साखर पोटात बसून पाणी ओढते. फळांतल्या साखरेला, फ्रुक्टोजला, वेगळं दार असतं. म्हणून दोन्ही मिसळून घेतलं तर नव्वदपर्यंत जाता येतं. आणि या दारांची सवय करावी लागते. पोटाचाही सराव असतो. तासाला तीस ग्रॅमपासून सुरू करायचं आणि दर दोन-तीन आठवड्यांनी दहा वाढवायचे. मी पहिल्या दिवशी नव्वद ग्रॅम लोटले होते. विरार लोकलमध्ये बोरिवलीला चढणाऱ्याची जी अवस्था होते, ती त्या साखरेची झाली.

दुसरा प्रश्न पैशांचा. पाच तासांची राइड, तासाला साठ, म्हणजे तीनशे ग्रॅम, म्हणजे बारा जेल. माझं पाकीट एकशेवीसला पडत होतं. एका रविवारचे १,४४० रुपये. महिन्यात चार रविवार.

म्हणून मी स्वयंपाकघरात शिरलो. केळं उत्तम, पण मागच्या खिशात दोन तासांत त्याचं शिकरण होतं. शेंगदाण्याची चिक्की चविष्ट, पण धापा टाकताना दातांत अडकते आणि दाण्यांतलं तेल पोटात रेंगाळतं. राजगिऱ्याचा लाडू कोरड्या तोंडात भुकटी होतो. चावला आणि जोरात श्वास घेतला तर निम्मा नाकातून बाहेर येतो. तुपातले लाडू आईने प्रेमाने दिले होते, आणि चाळीस किलोमीटर ते तिथेच होते. बी काढलेला खजूर चांगला. उकडलेला बटाटा मीठ लावून, फॉइलमध्ये गुंडाळून : पहिल्या दोन तासांसाठी याच्याइतकं सुख नाही. तीन तासांनंतर मात्र काहीही चावायची इच्छा मरते. तिथे पातळच लागतं.

शेवटी मी साखरेवर आलो, साध्या दाणेदार साखरेवर. तिचा प्रत्येक कण निम्मा ग्लुकोज आणि निम्मा फ्रुक्टोज असतो, म्हणजे दोन्ही दारांची तिकिटं तिच्याकडे आधीच आहेत. तीनशे ग्रॅमला तेरा-चौदा रुपये. एका बाटलीत सगळा पाक, दुसऱ्या बाटलीत साधं पाणी, पाकाचा एक घोट आणि वर पाण्याचे दोन. एकच तक्रार, गोड फार लागतं. लिंबू पिळलं की निभतं. पाकिटांतली माल्टोडेक्स्ट्रिन कमी गोड असते, लोक तिचे जे पैसे देतात त्यातले बरेचसे त्यासाठीच.

आणि मीठ. मुंबईत हे विसरून चालत नाही. मे महिन्यात प्रियदर्शिनी क्रीडासंकुलात पोहून मी बाहेर एक तास धावलो आणि आधी-नंतर वजन केलं. ७८.४ चं ७७.२ झालं, आणि मधे ३०० मिली पाणीही प्यायलो होतो. म्हणजे तासाला दीड लिटर घाम. आपल्या हवेत तो उडत नाही, नुसता ओघळतो, त्यामुळे अंग थंडही होत नाही. त्यातून मीठ जातं. त्यावर नुसतं पाणीच पीत राहणं धोक्याचं असतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं होतं. मी तासाला पाव चमचा मीठ धरतो.

हे मीठ-साखर-पाणी म्हणजे काय, तर आपलं जलसंजीवनीच. आतड्यातलं ग्लुकोजचं ते दार सोडियमला बरोबर घेऊनच उघडतं, आणि दोघांमागून पाणी आत येतं. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना मांडली. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातले निर्वासित बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने मरत होते आणि सलाइन संपत आलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममधून मीठ-साखरेचं पाणी वाटलं आणि असंख्य जीव वाचवले. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मृत्यूनंतर. मी चकचकीत पाकिटावरचं 'ॲडव्हान्स्ड हायड्रेशन' वाचतो तेव्हा मला बनगावचा तो ड्रम आठवतो.

०

तर, पहाटे पावणेचार, तीनशे ग्रॅम, दारात बाबा.

मी सगळं समजावलं. दारं, तिकिटं, तासाचा हिशोब. तेवढ्यात आई उठली आणि तिने वाटी पाहिली.

"त्यांना चमचाभर खीर देताना माझा हात थांबतो," ती म्हणाली, "आणि तू बाटल्या भरतोयस. उद्या तुलाही झालं तर?"

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, कारण तीच भीती मलाही होती. मी त्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, स्नायू जोरात काम करत असतात तेव्हा इन्सुलिनच्या फारशा मदतीशिवायही रक्तातली साखर आत ओढून घेतात. सायकलवर घेतलेली साखर तिथेच जळते. तीच बाटली सोफ्यावर बसून प्यायलास तर गोष्ट वेगळी. एचबीएवनसी ५.५ आलं. "दर सहा महिन्यांनी बघत राहू," ते म्हणाले. "आणि ऑफिसमध्ये हे नाटक करायचं नाही." पुढे दातांच्या डॉक्टरांनी मात्र दोन दाढा भरायला लावल्या. दर वीस मिनिटांनी पाक प्यायचा आणि चूळ भरायची नाही, तर दुसरं काय होणार.

आईचं समाधान रिपोर्टने झालं नाही. ती अजूनही बाटलीकडे बघत नाही. पण बाबांनी त्या पहाटे बाटली उचलून उजेडात धरली.

"पाच तासांची आहे ना? मग वाटेत कळणार कसं, किती झाली ते?"

त्यांनी सेलोटेप आणि मार्कर आणला. बाटलीवर उभी पट्टी चिकटवली आणि खालपासून वर रेघा मारल्या. दर वीस मिनिटांना एक. प्रत्येक रेघेपुढे वेळ आणि अंदाजे ठिकाण : माजिवडा, माणकोली, पडघा. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी टप्प्यांवर भाडं मोजलं होतं. माझ्या बाटलीवर त्यांनी टप्पे पाडून दिले.

"टप्पा आला की घ्यायचं. इच्छा आहे का नाही, विचारायचं नाही."

त्यानंतर दर शनिवारी रात्री बाबा बाटलीवर नवीन पट्टी लावायचे. राइडवरून आलो की जुनी पट्टी मागून घ्यायचे आणि कुठला टप्पा चुकला ते बघायचे, जसं डेपोत वे-बिल तपासतात. पूर्वी आम्ही दोघं फारसं बोलायचो नाही. आता आमचं बोलणं ग्रॅममध्ये व्हायला लागलं. त्यातच एकदा मी विचारलं, "तुम्ही तुमचे टप्पे लिहिता का?" ते काही बोलले नाहीत. लो शुगर झाली की ते अजूनही बाथरूममध्ये जाऊन, दार लावून खडीसाखर खायचे.

०

ऑक्टोबर २०२४, मिरामार. आई-बाबा दोघंही आले होते. बाबांनी उन्हाची टोपी घातली होती आणि शर्टाचा खिसा फुगलेला होता.

पहाटे चारला ब्रेड-जॅम आणि दोन केळी. शर्यतीच्या तीन तास आधी, ओळखीचं, कमी तेलाचं. नवीन काहीच नाही. पोहणं ४८ मिनिटांत झालं, त्यात थोडा अरबी समुद्रही पोटात गेला. सायकलला ३ तास ४१ मिनिटं लागली. पट्टीवर अकरा रेघा होत्या, प्रत्येकी वीस ग्रॅमच्या. अकराही घेतल्या. उतरलो तेव्हा डोकं साफ होतं, पाय बरे होते, आणि मला वाटलं की हे प्रकरण मी जिंकलंय.

धावायला लागलो तेव्हा बारा वाजत आले होते. पणजीत ऑक्टोबरचं ते ऊन. अंग तापलं की रक्त त्वचेकडे वळतं, पोटाला कमी मिळतं, आणि सायकलवर मुकाट आत जाणारी साखर तिथेच डचमळायला लागते. आठव्या किलोमीटरला जेल काढला, वासानेच मळमळलं, परत खिशात ठेवला. पुढचाही टाळला. बरं तर वाटतंय, असं स्वतःला सांगितलं. म्हणजे मी पुन्हा भुकेची वाट बघत होतो.

तेराव्या किलोमीटरनंतर मिरामारच्या वळणावर आई-बाबा उभे होते. आईने टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचा राग आला. बाबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओरडले,

"सतरा पंचे?"

मी थांबलो. पाढा माहीत होता. पाढ्याची चालही माहीत होती. शेवटचा आकडा येत नव्हता.

बाबांचा हात खिशात गेला. आयर्नमॅनच्या नियमांत बाहेरच्या माणसाकडून काहीही घेता येत नाही. घेतलं तर शर्यतीतून बाद होऊ शकता. हे मीच त्यांना आदल्या रात्री दोनदा सांगितलं होतं. खडीसाखरेची पुडी त्यांच्या मुठीत होती, मी दोन हातांवर होतो, आणि आमच्या मध्ये एक दोरी होती. मूठ खिशातून बाहेर आली नाही. आई म्हणते, त्यांच्या दंडाची शीर दिसत होती.

"पुढचा स्टॉप किती लांब?" त्यांनी विचारलं.

"पाचशे मीटर... असेल."

"चालत जा. धावू नकोस. स्टॉपवर उतरायचं आणि घ्यायचं."

मी चालत गेलो. पाणी-खाण्याच्या टेबलावर कोला होता. दोन ग्लास, घोट घोट. डोक्यावर बर्फ. खिशातल्या पुडीतलं मीठ चाटलं. १९७८ मध्ये हवाईत पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या सोबत्यांकडचं पाणी संपलं होतं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली होती. त्या मानाने माझं बरं चाललं होतं. पंधरा मिनिटं नुसता चाललो. मग कधीतरी, दोना पावलाच्या बाजूला, कोणी विचारलेलं नसताना मी मोठ्याने "पंच्याऐंशी" म्हणालो. शेजारून धावणाऱ्या बाईने माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर प्रत्येक टेबलावर थांबलो. इच्छा आहे का, ते विचारलं नाही. ७ तास ५१ मिनिटांनी शर्यत संपली. वेळ काही फार चांगली नाही. त्या चालण्यात आणि थांबण्यात निदान वीस मिनिटं गेली, आणि ती आठव्या किलोमीटरला खिशात परत ठेवलेल्या एका पाकिटाची होती.

मेडल घालून मी त्यांना शोधत गेलो. बाबा एका कठड्यावर बसले होते. आजूबाजूला शे-दोनशे माणसं. त्यांनी ग्लुकोमीटर मांडीवर उघडून ठेवला होता, बोटावर कापूस दाबला होता, आणि ते खडीसाखर चघळत होते. सकाळी इन्सुलिन घेतलेलं, जेवायला उशीर झालेला, तीन तास उन्हात उभे. मीटरवर ६६ होते. शेजारी एक मुलगा कुतूहलाने बघत होता आणि बाबा त्याला समजावत होते की सत्तरच्या खाली आलं की पंधरा ग्रॅम साखर घ्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, परत बघायचं.

मी विचारलं, "सतरा पंचे?"

"पंच्याऐंशी," बाबा म्हणाले. "आधी बस. आणि ते दोन जेल खाल्ले नाहीस, त्याचा हिशोब दे."

०

तुम्ही लांबचं काही करणार असाल, हाफ मॅरेथॉन किंवा शहापूरची राइड, तर माझ्याकडून एवढंच घ्या. नव्वद मिनिटांच्या आतल्या व्यायामाला यातलं बहुतेक काही लागत नाही, पाणी पुरे. त्याहून लांब असेल तर तासाला तीस ग्रॅमपासून सुरुवात करा आणि पोटाला वेळ द्या. ७५० मिली पाण्यात साठ ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू : ही तासाभराची बाटली, तीन-चार रुपयांत. जेल घ्यायचेच असतील तर सरावात घेऊन बघितलेलेच शर्यतीत घ्या. डायबेटिस असेल तर हे माझ्याकडून शिकू नका, डॉक्टरांशी बोला. पण घाबरूनही जाऊ नका. टीम नोव्हो नॉर्डिस्क या व्यावसायिक सायकल संघातल्या सगळ्याच सायकलपटूंना टाइप १ डायबेटिस आहे.

साखरेचा डबा आमच्याकडे अजून वरच्याच फळीवर असतो. फ्रिजवर मात्र आता सेलोटेपच्या दोन पट्ट्या आहेत. एक माझी, रविवारची. दुसरीवर बाबांच्या अक्षरात सकाळचं इन्सुलिन, नाश्ता, अकराचं फळ, जेवण, चारचा चहा-बिस्किट, आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण. चारच्या रकान्यात परवा खूण नव्हती. आईने स्वयंपाकघरातून पाढा विचारला.